घणाखालची जागा

घण्याचा राग नाकावर नसायचा, मुठीत असायचा. नाकावर राग असणारी माणसं आधी आवाज चढवतात, दोन शिव्या देतात, समोरच्याला सावध व्हायला वेळ देतात. घण्या तेवढीही सवलत देत नसे. त्याने एका गाडीवाल्याचा जबडा मोडला होता, शेजाऱ्याचं मनगट मोडलं होतं आणि स्वतःच्या घराचं दार तर इतक्या वेळा मोडलं होतं की सुतार ओळखीचा झाला होता. बायको लग्नानंतर लवकरच माहेरी गेली आणि तिथूनच तिने निरोप पाठवला, न्यायला येऊ नकोस. शहाणी बाई होती.

शहराच्या टोकाला कत्तलखाना होता आणि घण्या तिथला घणवाला. नाव त्यावरूनच पडलं. जनावर अरुंद बोळातून लोखंडी पिंजऱ्यात यायचं, मागचं दार पडायचं आणि वरच्या ओट्यावर पाय फाकवून उभा असलेला घण्या घण उचलायचा. मारायचं कुठे ते बापाने शिकवलं होतं. उजव्या डोळ्यापासून डाव्या शिंगाकडे एक रेघ, डाव्या डोळ्यापासून उजव्या शिंगाकडे दुसरी, आणि कपाळावर जिथे त्यांची फुली होते तिथे. फुलीवर घाव बसला की जनावर हूं की चूं न करता गुडघ्यात बसतं. मग पिंजऱ्याची बाजू उघडायची, धूड उतारावरून खाली घरंगळायचं, आणि खाली उभा असलेला सुरीवाला त्याच्या मानेवर गुडघा रोवून, ते शुद्धीवर यायच्या आत गळा चिरायचा.

म्हणजे खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. घाव बोटभर जरी सरकला तरी जनावर कोसळतं, गार झाल्यासारखं दिसतं, आणि ऐन गुडघ्याखाली जागं होतं. मग शिंगं असतात, खूर असतात आणि पळायला जागा नसते. म्हणून तिथे एक रीत होती: सुरीवाल्याने वर बघायचं नाही. जो वर बघतो त्याचा घणवाल्यावर भरवसा नाही, आणि असल्या माणसाबरोबर कोणी काम करत नसे.

घण्याच्या घणाखाली त्याचाच धाकटा भाऊ उभा राहायचा. धाकटा कधी वर बघत नसे. शिट्टी वाजवत सुरी चालवायचा. आता मेलेल्याबद्दल गोड बोलायची आपल्याला सवय असते म्हणून सांगून टाकलेलं बरं, धाकटा काही देवमाणूस नव्हता. जिभेला हाड नव्हतं त्याच्या. धार लावायचा चांगला दगड तिथे एकच होता. त्यावर एकदा कातडी सोलणाऱ्या एका माणसाशी त्याची जुंपली, आणि धाकट्याने त्या माणसाच्या नुकत्याच गेलेल्या बायकोचा उद्धार केला. तो माणूस गप्पच होता. धाकट्याला गप्प माणसं आवडत नसत. त्याने धूड टांगायच्या साखळीचा आकडा उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. त्या माणसाच्या हातात तेव्हा नुकतीच धार लावलेली सुरी होती.

घण्या ओट्यावर होता. पिंजऱ्यात जनावर होतं. आरडाओरडा ऐकू आला, पण त्याने आधी घाव पुरा केला, कारण अर्धवट सोडलेलं जनावर म्हणजे कोणाचा तरी मुडदा. मग तो उडी मारून धावला. धाकटा नळाखाली बसला होता, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. तिथे रक्ताचं कोणाला काही वाटत नसे, पायाखाली रोजच असायचं. पण हे निराळं होतं, हे शर्टातून येत होतं. "दादा, काही नाही, लागलंय थोडं," म्हणाला, आणि बसल्या बसल्याच गेला. घण्याने त्या सोलणाऱ्याचं डोकं नळाच्या पाइपावर आपटायला सुरुवात केली. त्याला सोडवायला किती जण लागले, त्यावर कत्तलखान्यात अजून वाद होतात. त्या माणसाचा एक डोळा कायमचा अर्धा मिटला. मग पोलीस आले, त्याला घेऊन गेले, आणि बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली.

आईने प्रेत पाहिलं. रडली नाही. घण्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तू होतास ना तिथे?"

त्यानंतरची वर्षं घण्याने मारामाऱ्यांत काढली. अशाच एका मारामारीत त्याचं डोकं फुटलं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या नर्सबाईने ते शिवलं. बाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेली, हाडकुळी, तोंडाने फटकळ. टाके घालता घालता म्हणाली, "हलू नकोस रे बैला. रविवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत ये. आम्ही बसतो तिथे."

"कशाला? प्रार्थना करायला?"

"नाहीतर काय, टायर विकायला?"

घण्या गेला, तो बाईची फिरकी घ्यायला. खोलीत बाकं होती, खालून रबराचा वास येत होता, आणि आठ-दहा माणसं बाईचं बोलणं ऐकत होती. बाई सांगत होती की ख्रिस्त एकटाच तसा होऊन गेला आणि आपण लांबून हात जोडायचे, असं समजू नका. त्याने दाखवलं ते माणसाला काय जमतं ते. मारणाऱ्यासाठी मन उघडं ठेवणं, दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेणं, हे जमतं. सगळ्यांना जमतं. आतून माणूस बदलतो, पार बदलतो.

"सगळ्यांना?" घण्याने मागून विचारलं. "मला पण?"

"तुला पण."

"मी काय करतो माहिती आहे ना?"

"डोकं शिवलंय मी तुझं. काय करतोस ते आत शिरून बघितलंय."

लोक हसले. घण्यालाही हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. शेवटी बाई प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत पुढे आली. घण्यापाशी येऊन तिने हात उचलला, तर तो दचकून भिंतीला चिकटला आणि तिचं मनगट त्याने पकडलं. "तिथे नको," म्हणाला. कपाळावरची फुली कशासाठी असते ते त्याला पक्कं माहीत होतं. बाईला काही कळलं नाही, पण तिने मनगट सोडवून घेतलं आणि क्रूस त्याच्या तळहातावर काढला.

तर घण्या जायला लागला. का, हे त्याला सांगता आलं नसतं. एवढं खरं की आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तू आहेस त्याहून मोठा होऊ शकतोस, आणि सांगताना दोन पावलं मागे सरकलं नव्हतं. त्याच्या मुठी थोड्या सैलावल्या. दुकानात कोणी धक्का मारून पुढे घुसलं तर तो दात-ओठ खाऊन उभा राहायचा, घामाघूम व्हायचा, पण हात खिशात ठेवायचा. सुताराचा धंदा बसला. आई मात्र त्याच्याकडे रोखून बघायची. घरात शिरलेला परका माणूस असावा तशी.

मग बातमी आली की तो सोलणारा तुरुंगातून सुटला.

त्या रविवारी घण्या खोलीत शिरला तो तडक बाईपुढे. "सगळ्यांना जमतं म्हणता. त्याला पण?"

बाईला कोण ते सांगावं लागलं नाही. "त्याला पण."

"माझ्या भावाचं पोट फाडलं त्याने."

"हो. आणि तू त्याचा डोळा फोडलास. तुला चालतं आणि त्याला नाही, असं काही असतं का?"

घण्याने पहिल्या बाकाला लाथ घातली. बाक मोडलं, मग त्याने दुसरं उचलून भिंतीवर आपटलं, तेही मोडलं. माणसं जिन्याकडे पळाली. बाई जागची हलली नाही. तिच्या गालाला एक ढलपी लागून रक्त आलं, ते तिने पदराने टिपलं आणि म्हणाली, "झालं? आता बस." घण्या बसला नाही. तो जिना उतरून गेला आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. स्वतःसाठी जे त्याला अमृतासारखं वाटलं होतं, त्याचा दुसरा घोट त्या माणसासाठी आहे म्हटल्यावर त्याला ते विष वाटलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भाऊ त्याचा गेला होता, माझा नाही.

पुढच्याच आठवड्यात ओट्यावरून त्याने खाली पाहिलं, तर सुरीवाल्याच्या जागी तो उभा. केस पिकलेले, एक डोळा अर्धा मिटलेला, हातात सुरी. धाकट्याच्या जागी. घण्याच्या अंगाची लाही झाली. मुकादमाकडे जाऊन त्याने त्याची कॉलर धरली. मुकादम म्हणाला, "हाताला जुना माणूस आहे, सुरी धरणारे मिळत नाहीत, मी काय करू? काम कर, नाहीतर दाराबाहेर तुझ्यासारखे उभेच आहेत." उभे वगैरे कोणी नव्हते, पण मुकादमांना तसं म्हणावंच लागतं.

घरी हे कळल्यावर आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तू वर आणि तो खाली."

"हो."

"मग देवाने आणखी काय हातात द्यायचं?"

तेव्हापासून संध्याकाळी तो दारात आला की आई विचारायची, "झालं?" तो नाही म्हणायचा. आई त्याला वाढायची आणि पाठ फिरवून बसायची.

घण्याची झोप उडाली. कोणाला कळणार नव्हतं. बोटभर सरकवायचं, बस. घणवाल्याचा हात चुकतो कधी कधी, सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक जनावरागणिक तो घण उचलायचा आणि मनात म्हणायचा, आता. आणि घाव फुलीवरच बसायचा. त्याला स्वतःच्याच मनगटाची चीड यायची. बापाने बडवून बडवून शिकवलेला हात होता तो, मालकाचं ऐकत नव्हता. खाली तो माणूस गुडघा रोवायचा, चिरायचा, बाजूला व्हायचा, पुढच्या जनावराला उभा राहायचा. एकदाही वर बघितलं नाही त्याने. घण्याला ते सगळ्यात जास्त डाचायचं. भरवसा? माझ्यावर? की निर्लज्जपणा? बाकीचे सोलणारे, साखळीवाले, आतडी धुणारे हातातलं काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून वर बघायचे आणि वाट बघायचे.

एके सकाळी घरातून निघताना आई म्हणाली, "तुझ्या बापाने ते पहिल्याच दिवशी केलं असतं. तुला त्या बाईने बाई करून ठेवलंय." घण्याने भिंतीवर मूठ हाणली. बोटांची सालं निघाली. तसाच तो कामावर गेला.

तिसरं की चौथं जनावर होतं, मोठं, काळं, रुंद कपाळाचं. घण्याने घण उचलला आणि या वेळी मनात काहीच म्हटलं नाही. नुसतं मनगट वळवलं. घाव डोळ्यावरच्या हाडावर बसला. आवाज वेगळा आला, तो त्याला ओळखीचा होता. जनावर कोसळलं. पिंजऱ्याची बाजू उघडली. धूड घरंगळत खाली गेलं आणि त्या माणसाने मानेवर गुडघा ठेवला.

जनावर जागं झालं. पहिल्या झटक्यात तो माणूस उतारावर फेकला गेला, सुरी लांब उडाली. दुसऱ्या झटक्यात ते उभं राहिलं, एका डोळ्यातून रक्त गळत, हंबरत, आणि समोर जे दिसलं त्यावर गेलं. त्याने त्या माणसाला कठड्यावर चिरडलं, मागे सरलं, पुन्हा चिरडलं. हाडं मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. माणसं साखळ्या टाकून पळाली. तो माणूस ओरडला नाही, आणि त्या दोन धडकांच्या मधे, पहिल्यांदाच, त्याने वर बघितलं. घण्याकडे. त्याच्या डोळ्यांत ना आश्चर्य होतं, ना भीती.

घण्याने काय पाहिलं ते त्याला त्या क्षणी समजलं नाही. पण पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याने घणासकट ओट्यावरून जनावराच्या पाठीवर उडी टाकली. घण हातातून सुटला. त्याने दोन्ही हातांनी शिंगं धरली आणि मान पिळायला लागला. जनावराने त्याला भिंतीवर घासलं, खांद्याचं मांस उघडं पडलं, पण त्याने सोडलं नाही. दोघं मिळून त्या रक्तात आडवे झाले. मग साखळीवाल्याने धीर करून पडलेला घण उचलला आणि कसाबसा तीन घावांत ते संपवलं.

मुकादम धावत आला. "काय झालं? घाव चुकला का?"

घण्या तोंड उघडणार इतक्यात खालून आवाज आला. त्या माणसाच्या तोंडातून बोलण्याबरोबर लाल फेस येत होता. "नाही. घाव बरोबर होता. माझा पाय घसरला."

मुकादमाला तेवढंच हवं होतं. त्याने हॉस्पिटलची गाडी बोलावली. ज्यांनी पाहिलं होतं ते हात धुवायला जाता जाता घण्याच्या धड असलेल्या खांद्यावर थाप मारून गेले. "सुटलास एकदाचा," एक जण कानात म्हणाला. घण्याने त्याचा हात झटकला.

खांद्याला टाके घालून घेतल्यावर घण्या त्याच हॉस्पिटलात त्या माणसाच्या खाटेपाशी गेला. लांबट वॉर्ड, शेवटची खाट, भिंतीकडची. त्या माणसाची छाती पट्ट्यांनी आवळलेली होती आणि श्वास आखूड, तुटक येत होता.

"खोटं का बोललास?" घण्याने विचारलं.

"खोटं कुठे. घसरलोच."

"मी मुद्दाम मारलं."

"माहिती आहे."

"कधीपासून माहिती आहे?"

"आलो तेव्हापासून." त्याने डोळे मिटले. बोलताना त्याला मधे मधे थांबावं लागत होतं. "ती जागा मला कोणी दिली नाही. मला आतडी धुवायला लावत होते. मीच मुकादमाच्या मागे लागलो. म्हटलं, मला घणाखाली उभा कर."

घण्याला वाटलं, ऐकण्यात काहीतरी गफलत होते आहे. "का?"

"तू मला कधीतरी मारणारच होतास. रस्त्यात भेटलो असतो, दुकानात भेटलो असतो, तू मला सगळ्यांसमोर मारलं असतंस. मग तुला आत टाकलं असतं. आत काय असतं ते मी बघून आलोय." तो थांबला, श्वास गोळा केला. "आधीच एक मुलगा नेलाय मी तुझ्या आईचा. दुसरा पण माझ्यापायी जायला नको. घणाखाली मारलं असतंस तर कोणाला कळलं नसतं. हात चुकला म्हणाले असते."

घण्या उभाच होता. तो माणूस बोलून दमला होता. त्याचा हात चादरीवरून शेजारच्या स्टुलाकडे सरकत होता, स्टुलावर पाण्याचा पेला होता. हात अर्ध्यात थांबला आणि परत खाली पडला. घण्याने ते पाहिलं. पण त्याच्याने तिथे एक क्षणही थांबवेना. वर्षानुवर्षं ज्याला त्याने मनातल्या मनात रोज मारलं होतं, तो रोज सकाळी येऊन मान खाली घालून त्याच्यासाठीच उभा राहत होता. ज्याला हे कधी जमणार नाही म्हणून आपण बाकं मोडली, त्याला ते केव्हाच जमलं होतं. घण्या वॉर्डातून जवळजवळ पळतच बाहेर पडला.

घरी बातमी आधीच पोचली होती. आई दारात उभी होती, तिचा चेहरा तुकतुकीत झाला होता. कित्येक वर्षांनी तिने केस नीट विंचरले होते. "ये," ती म्हणाली. "ये माझ्या वाघा. मेला?"

"नाही."

"मरेल?"

"माहीत नाही. आई, बस. सांगायचंय."

आणि त्याने सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. त्या माणसाने वर कसं बघितलं ते, मुकादमाला काय म्हणाला ते, जागा कोणी मागून घेतली ते, आणि का मागून घेतली ते. तुझ्या आईचा दुसरा मुलगा जायला नको, हे शब्द त्याने त्या माणसाच्याच आवाजात सांगितले.

आईने त्याच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या गालावर. मग ती उठली आणि दोन्ही हातांनी त्याला बडवायला लागली, डोक्यावर, छातीवर, टाके घातलेल्या खांद्यावर. "खोटं! खोटं बोलतोस! त्याची बाजू घेतोस माझ्यासमोर! माझा लेक मातीत आणि हा मोठेपणा करतो? कोण हा मोठेपणा करणारा?" पट्टीतून रक्त झिरपायला लागलं. घण्या जमिनीवर बसून राहिला. जो नुसत्या धक्क्यावरून जबडे मोडायचा, त्याने तोंडापुढे हातसुद्धा धरला नाही. ती मारत राहिली, ओरडत राहिली, आणि ओरडता ओरडता कधीतरी ती रडायला लागली. धाकट्याच्या प्रेतापाशी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं बाहेर आलं, मोठमोठ्याने, शेजारच्या खिडक्या उघडतील इतकं. शेवटी तिचे हात उचलेनात. ती भिंतीला टेकून खाली बसली, धापा टाकत, केस सुटलेले.



"मी त्याला माफ केलेलं नाही," आई म्हणाली. "सांगून ठेवते. मरेपर्यंत करणार नाही."

"हो."

"छातीची हाडं मोडलीत म्हणालास."

"हो. दोन्हीकडची."

"मग त्याचे हात वर जाणार नाहीत." तिने स्वतःच्या उजव्या बरगडीवर हात ठेवला. ते तिला कसं माहीत, हे घण्याला विचारावं लागलं नाही. बापाची लाथ त्याने लहानपणी पाहिली होती. "श्वास घेतला तरी सुरी फिरते आत. पेला समोर असला तरी घेता येत नाही. त्याचं आहे का कोणी?"

"नाही. बायको तेव्हाच गेलेली."

"मग पाणी कोण देतं त्याला?"

 घण्याला स्टुलावरचा पेला दिसत होता.

आईने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघून खेकसली, "मग तू इथे काय करतोयस?"